चवथीआधीची तयारी: शुगरचा आजारी बोका घरात असेल तर

चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आठवडा आहे तोवरच हे करून घ्या. नंतर अर्ध्या फार्मसी बंद, व्हेट आपल्या मूळ घरी गेलेला, आणि घरात माटोळीच्या (गणपतीच्या वर टांगायच्या फळा-पानांच्या) सामानाची धांदल, तेव्हा सिरिंज कुठे ठेवली ते विचारायलासुद्धा कोण भेटणार नाही. शुगर आहे पण बाकी ठणठणीत, खातोय-पितोय, अशा मांजराला एवढी गडबड नको. मी बोलतेय ते शुगरबरोबर किडनी नाहीतर स्वादुपिंडाची सूज असं काहीतरी मागे लागलेल्या, आज खाल्लं उद्या नाही अशा बोक्याबद्दल.

पहिलं काम म्हणजे डॉक्टरकडून एक कागद लिहून घ्यायचा, तोंडी सांगितलेलं चालणार नाही. पूर्ण खाल्लं तर इन्सुलिन किती युनिट, अर्धं खाल्लं तर किती, तोंडच लावलं नाही तर काय, आणि सुई दिल्यावर उलटी झाली तर काय, एवढंच. उपाशी मांजराला पूर्ण डोस गेला तर शुगर धाडकन खाली येते हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या भीतीने लागोपाठ सुया चुकवल्या तर आजारी मांजरात किटोन (साखरेऐवजी चरबी जळून होणारी आम्लं) साचतात आणि मग सलाईनवर ठेवायची पाळी येते, म्हणून 'नाही ना खाल्लं, मग सुई राहू दे' हे आपलं आपण ठरवायचं नाही. कागद फ्रिजच्या दारावर लावा. बाकी सगळी तयारी याच्या मागून.

इन्सुलिनची एक जादा बाटली हवीच, फरशीवर पडून फुटली तर सणात दुसरी कुठून आणणार? आणि बाटलीवरचा आकडा, म्हणजे एका मिलीत किती युनिट ते, बघून सिरिंज घ्या. ४० च्या बाटलीला लाल टोपणाची, १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची. लँटससारखं ग्लार्जिन इन्सुलिन १०० चं असतं, ते ४० च्या सिरिंजने ओढलं तर अडीचपट डोस जातो, आणि मांजराचा डोस मुळात एक-दोन युनिटचा, त्यात अडीचपट म्हणजे काय ते तुम्हीच बघा. फार्मसीवाला घाईत कुठलीही पुडी हातात ठेवतो, तिथेच उघडून बघा. बाटली फ्रिजमध्ये मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्याला टेकवून नको, गोठलेलं इन्सुलिन फेकायचंच. पावसात लाईट जाणारच, पण दोन-चार तासांनी काही बिघडत नाही, फ्रिज सारखा उघडू नका म्हणजे झालं. जास्तच वेळ गेली तर थर्मासमध्ये बर्फ, आणि बाटली फडक्यात गुंडाळून वर.

सुईची वेळ बारा-बारा तासांची, आणि संध्याकाळची वेळ नेमकी आरतीत येत असेल तर आत्तापासूनच डॉक्टरला विचारून रोज थोडी थोडी सरकवून घ्या. सुई कोण देणार तेही आधी ठरवा, एकच माणूस. नाहीतर आईने दिली, मग भावाला वाटलं राहिली म्हणून त्यानेही दिली, असं होतं. दिल्या दिल्या कॅलेंडरवर खूण करायची. सुई केसातून आरपार गेली आणि बोट ओलं लागलं तर परत द्यायची नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं.

ग्लुकोमीटरच्या स्ट्रिपा जादा आणा, टोचताना दोन-तीन वाया जातातच. कान गार असेल तर रक्त येत नाही, मोज्यात तांदूळ भरून थोडा गरम करून कानाला लावा, मग कडेची बारीक शीर टोचा, मागून कापूस धरा म्हणजे आपल्या बोटात नको घुसायला. माणसांच्या मशीनवर मांजराची शुगर खरी असते त्यापेक्षा कमी दिसते, ते डॉक्टरला सांगूनच आकडे बोला. ६० च्या खाली आली, किंवा बोका झोकांड्या देतोय, अंग थरथरतंय, तर मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी हिरड्यांना चोळायचं आणि निघायचं. शुद्ध नसेल तर तोंडात ओतू नका, छातीत जाईल. लघवीत किटोन बघायच्या पट्ट्या पण घेऊन ठेवा, आणि एक जुनी पळी, बसला की मागून हळूच धरायची. आमचा वैतागून बघतो, पण उठत नाही.

आता खाणं. श्रावणापासून घरात नुस्तं, म्हणजे मासे, नाही, चवथीत तर नाहीच, म्हणजे बांगड्याच्या वासावर जगणाऱ्या बोक्याचे हाल. त्याच्यासाठी ओल्या खाण्याचे डबे वेगवेगळ्या चवीचे आणा, आणि बिनमिठाचं, बिनकांद्या-लसणीचं उकडलेलं चिकन छोट्या डब्यांत फ्रीझरला टाकून ठेवा, सोवळ्याची कुरकुर झाली तर शेजारच्या काकीच्या फ्रिजमध्ये. देताना वाटी गरम पाण्यात ठेवून वास सुटेपर्यंत कोमट करा, नाक चोंदलं असेल तर ओल्या कापसाने पुसा, वास आला नाही तर मांजर खात नाही. कमी पिठाचं वगैरे पथ्य बरं असताना, आत्ता जे खाईल ते. जबरदस्तीने कोंबू नका, मग त्या खाण्याचाच तिटकारा बसतो. मळमळीचं आणि भुकेचं औषध आधी विचारून आणा. मिर्टाझापिनची, म्हणजे भुकेची, गोळी माणसांच्या फार्मसीत चिठ्ठीवर मिळते, मांजराला तिचा इवलासा तुकडा लागतो, तुकडे डॉक्टरने सांगितले तसे आधीच कापून ठेवा, जास्त गेली तर रात्रभर ओरडत फिरेल. कोणी भुकेसाठी स्टिरॉइड सुचवलं तर शुगरची आठवण करून द्या, ती वाढते. आणि पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा, नेवरीचा (करंजीचा) तुकडा प्रेमाने टाकायचा नाही.

फटाक्यांसाठी आतली खोली, दार बंद, शी-शूची माती, पाणी, खाणं तिथेच, पलंगाखाली शिरता येणार नाही असं बघा, नाहीतर सुईच्या वेळी ओढून काढावं लागतं. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, जिथे जमेल तिथल्या दोन-तीन व्हेटना आत्ताच फोन करून सणात रात्री कोण आहे ते लिहून घ्या. चोडण-दिवाडीसारख्या बेटावर असाल तर शेवटची फेरीबोट किती वाजता तेही. दिवसभर काही खाल्लं नाही, उलट्या, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा वास, यातलं काहीही दिसलं तर विसर्जन होऊ दे मग बघू म्हणायचं नाही, त्यामुळे गाडी कोण चालवणार आणि त्याने त्या दिवशी प्यायची नाही, हेही आधीच बोलून घ्या.