दोन कॅबिनेट जोडली आणि बेसच गायब

बेस गिटारसाठी सेकंडहँड कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, आणलं, घरच्याला जोडलं, तर आवाज भरायच्या ऐवजी पातळ झाला. जाड ई तार, साधारण 41 हर्ट्झची, नुसती टणटण, बुडच नाही. अँपवर (अँप्लिफायरवर) संशय घेण्याआधी 1.5 व्होल्टचा सेल घेतला. अँपमधून केबल काढून सेलचा प्लस केबलच्या जॅकच्या (पिनच्या) टोकाला, मायनस त्याच्या दांड्याला क्षणभर टेकवला. घरच्या कॅबिनेटमधल्या स्पीकरचा कोन (हलणारा पडदा) पुढे आला, नव्याचा आत गेला! एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, मग खालचे सूर एकमेकांना मारतात. नव्याची जॅकप्लेट (केबल लावायची पट्टी) उघडून स्पीकरच्या दोन वायरींची अदलाबदल केली. आता ई तार थेट छातीत जाणवते. बाकी, 8 ओहमची दोन कॅबिनेट समांतर जोडली की भार 4 ओहम होतो; अँपला तो चालतो का, हे मागे छापलेलं वाचूनच जोडा.