जुनी भूमिगत खाण सुरक्षितपणे कशी बंद करावी

खाणीचे तोंड बुजवले की खाण बंद झाली, या समजुतीने केलेली कामे पुढे खचतात आणि तोपर्यंत त्या जमिनीवर लोकांची वर्दळ सुरू झालेली असते. म्हणून सर्वप्रथम जुने नकाशे मिळवून त्यांची जागेवर पडताळणी करावी. नकाशावर नसलेली विहीर (खाणीत उतरण्यासाठी खणलेला उभा खड्डा) सापडणे मुळीच दुर्मीळ नाही, त्यामुळे शंका असेल तेथे बोअर घेऊन खात्री करावी.

तपासणीसाठी कोणीही आत उतरू नये. कॅमेरा आणि वायुमापक दोरीने खाली सोडावेत. प्राणवायू कमी झालेल्या हवेला वास नसतो, तर हवेत ५ ते १५ टक्के मिथेन मिसळला की ठिणगीनेही स्फोट होतो. बाहेरील हवेचा दाब उतरला की खाणीतील वायू वर येतो आणि भराव टाकतानाही तो बाहेर ढकलला जातो. म्हणूनच सकाळच्या एका मापनावर विसंबून न राहता काम संपेपर्यंत मापन चालू ठेवावे.

खरी कसोटी उभ्या विहिरीची असते. तिच्यात जुन्या तुळया आणि फळ्या अडकलेल्या असल्या, तर वरून टाकलेला भराव त्यांच्यावरच बसतो, खाली पोकळी राहते आणि लाकूड कुजले की सगळा भराव एकदम कोसळतो. यासाठी आधी अडथळे काढावेत, खोली मोजावी आणि लागणाऱ्या भरावाचा हिशेब मांडावा. ३ मीटर व्यासाच्या व ६० मीटर खोल विहिरीत सुमारे ४२४ घनमीटर भराव मावतो; ३०० घनमीटरमध्येच ती भरलेली दिसली तर खाली पोकळी आहे असे समजून काम थांबवावे, आणि ५०० टाकूनही भरत नसेल तर दगड आडव्या गॅलऱ्यांमध्ये, म्हणजे विहिरीला जोडलेल्या खाणीतील वाटांमध्ये, सरकत आहे. जेथे गॅलऱ्या फुटतात, त्या पातळीला मोठे धोंडे टाकावेत. भराव कठीण, स्वच्छ दगडाचाच हवा. माती आणि मुरूम पाण्याने चिखल होऊन वाहून जातात. विहिरीची कडा कच्ची असल्याने डंपर तिच्यालगत आणू नये.

वरचा आरसीसी स्लॅब सैल मातीवर न टाकता पक्क्या खडकावर टेकवावा. त्याची रुंदी विहिरीच्या व्यासाच्या दुपटीहून थोडी अधिक ठेवावी आणि वायू असल्यास ज्वालारोधक बसवलेली नळी बाहेर काढावी.

बोगद्याचे तोंड मात्र पाण्याचा विचार केल्याशिवाय कधीही बंद करू नये. पंप थांबले की खाणीत पाणी चढते आणि पायराइट या लोह व गंधकाच्या खनिजामुळे ते आम्लयुक्त होते. इंग्लंडमधील कॉर्नवॉलची व्हील जेन ही कथिलाची खाण १९९१ मध्ये बंद झाली. जानेवारी १९९२ मध्ये अडवलेले दूषित पाणी बोगद्याच्या तोंडातून फुटले आणि फाल नदीच्या खाडीत पसरले. म्हणून निचऱ्याची नळी आणि पाणी शुद्ध करण्याची सोय आधीच करावी. आत वटवाघळे असल्यास भिंतीऐवजी आडव्या गजांचे फाटक बसवावे, गजांमध्ये सुमारे १५ सेंटिमीटर अंतर ठेवावे आणि विणीच्या काळात काम टाळावे.

शेवटी विहिरीच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश जमिनीच्या अभिलेखात नोंदवावेत, आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर स्लॅबची पातळी, भोवतालच्या भेगा व पाण्याची आम्लता तपासावी.