माडीवर फायबर नेताना लाल दिवा का लागला

गुहागरला मामाच्या घरी इंटरनेटचं फायबर, म्हणजे प्रकाशावर चालणारी काचेची तार, खाली पडवीत आलेलं, पण पाहुण्यांच्या खोल्या माडीवर म्हणून इंटरनेटचा बॉक्स वर हवा होता, वायरमनने केबल वर नेली खरी पण एलओएसचा, म्हणजे सिग्नल येत नाही असं सांगणारा, लाल दिवा काही जाईना. मामा म्हणे "तार तुटली असेल, सगळीच नवीन टाक". म्हटलं थांब जरा, आधी तारेतल्या प्रकाशाची पॉवर बघू.

मीटर 1490 नॅनोमीटरवर लावला, पडवीत उणे 19 डीबीएम (प्रकाशाच्या पॉवरचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी), वर उणे 31. जीपॉनच्या, म्हणजे घरोघरच्या फायबर इंटरनेटच्या, बॉक्सला साधारण उणे 27 पर्यंतच चालतं, म्हणजे लाइन ठीक, घोळ घरातच. बघितलं तर हिरव्या कनेक्टरला निळा जोडलेला! हिरव्याचं म्हणजे एपीसीचं टोक 8 अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्या यूपीसीचं तसं नसतं, कपलरमध्ये, म्हणजे दोन टोकं जोडायच्या तुकड्यात, दोन्ही मस्त बसतात पण आत काचेला काच टेकत नाही आणि प्रकाश तिथेच वाया जातो. वर चौकटीपाशी केबल काटकोनात दाबलेली.

मग चिपळूणहून दोन्हीकडे हिरवे एससी-एपीसी कनेक्टर असलेली, जी.657.ए2 जातीची सिंगल मोड फायबर केबल आणली. ही 7.5 मिलिमीटर त्रिज्येचं वळण सहन करते, साध्या जी.652.डी जातीच्या फायबरला 30 लागतात, त्यामुळे जांभ्याच्या जाड भिंतींच्या घरात थोडी महाग पडली तरी हीच घ्या. टोकं आयसोप्रोपिलने पुसली, भिंतीत शिरायच्या आधी केबलला खाली झोल दिला म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच गळतं, भोक सिलिकॉनने बुजवलं. आता वर उणे 19.6 येतं, लाल दिवा गेला.

आणि चालू फायबरच्या टोकात डोळा लावून बघू नका हां, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.