रात्री नऊची मीटिंग जागेवर आणली

टीम बर्लिन अन् कॅलिफोर्नियात, मी दारव्हा तालुक्यात. मार्चमध्ये मीटिंगची वेळ हमखास हलायची: अमेरिका घड्याळं दुसऱ्या रविवारी पुढे करते, जर्मनी शेवटच्या, आपण कधीच नाही. मधल्या दिवसांत कुणीतरी ताटकळायचंच. शेवटी कॅलेंडरमध्ये वेळ यूटीसी (कधीच न हलणारी जागतिक प्रमाणवेळ) १५:३० ला बांधली. इथे बारमाही रात्रीचे नऊ. तासभर सरकायचं ते त्यांनी सरकावं!

आवाज तुटायचा, त्याचं कारण वेगळं. लाइन गेली की इन्व्हर्टर सुरू होईतो राउटर रीस्टार्ट व्हायचा. राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही छोट्या डीसी यूपीएसवर (ॲडॉप्टरऐवजी थेट वीज देणारी छोटी बॅटरी) टाकले. (नुसता राउटर टाकून भागत नाही. ॲडॉप्टरवरचे व्होल्ट पाहूनच घ्या.) व्हिडिओ बंद ठेवतो, आवाजाला १०० केबीपीएससुद्धा पुरतात.