नऊवारीत उलगडलेलं पोट

सातवीला पचनसंस्था शिकवताना मी तक्ता मागाहून लावते, आधी माझ्या आजीचं लुगडं काढते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. तोंडापासून गुदद्वारापर्यंत अन्नाची वाटही जवळपास तेवढीच! घरीसुद्धा करता येईल.

लुगडं व्हरांड्यात लांब पसरा. एका टोकापासून 20 सेंमीवर सुतळी बांधा. तिथे तोंड आणि घसा संपला. पुढे 25 सेंमी अन्ननलिका, 25 सेंमी जठर, मग तब्बल 6 मीटर लहान आतडं. उरलं ते दीड मीटर मोठं आतडं. टाचण्या नकोत, जुनं सूत लगेच फाटतं.

आता एका मुलाला या वाटेवरून चालवा. अन्ननलिका एका पावलात संपते. घासही ती दहाएक सेकंदांत पार करतो. जठरापाशी त्याला थांबवा, जेवण तिथे तीन-चार तास घुसळलं जातं. लहान आतडं सुरू होतं तिथे दोघांना हातात तांब्या देऊन उभं करा. एक यकृत, दुसरं स्वादुपिंड. कडेला हं, वाटेत नाही. अन्न यकृतातून पुढे सरकतं असं पुष्कळ मुलांना वाटतं. खरं तर पित्त आणि स्वादुरस तेवढे नळीवाटे इथे येऊन पडतात. मोठ्या आतड्यात अगदी सावकाश चालायचं, कारण तिथे पाणी शोषलं जातं.

मग विचारा, सहा मीटर पोटात मावतं कसं? इथे घाई करू नका. 'गुंडाळून' हे उत्तर हमखास येतं. लहान आतड्याच्या भागाला निऱ्या घाला आणि वरचा काठ एकीच्या मुठीत द्या. खालचा काठ सहा मीटरच राहतो, वरचा वीतभरात येतो. खालचा काठ म्हणजे आतडं. मधलं कापड म्हणजे त्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा पातळ पडदा. त्याचं मूळ जेमतेम 15 सेंमी असतं. म्हणून आतडं हलतं, पण सहसा गुंतत नाही. मला हे कळलं त्या दिवशी मी निऱ्या घालताना कितीतरी वेळ तशीच उभी राहिले होते.

याच पडद्यातून रक्तवाहिन्या जातात. शेवटी मुठीपासून 'यकृता'च्या हातापर्यंत लाल दोरा बांधा. स्निग्ध पदार्थ बहुतांशी वेगळ्या वाटेने जातात, बाकीचं पचलेलं अन्न मात्र रक्तातून आधी यकृताकडेच पोहोचतं.