एमएस मीडियासाठी पोटॅशियम नायट्रेटचा स्टॉक कसा करायचा

आपल्याकडं नांदेड-अर्धापूर भागात टिश्यू कल्चरची केळी सगळ्यांना माहीत, अन् ठिबकमधून सोडायचं तेरा-शून्य-पंचेचाळीस पण माहीत, त्यामुळं लॅबला नवीन आलेली पोरं हमखास विचारतात की हे खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेटच ना, मग महागाची बाटली कशाला? मूळ क्षार तोच आहे, पण खताच्या मालात दुसरे क्षार, गाळ येऊ शकतो. शेतात ते खपून जातं, जारमधल्या कोवळ्या कोंबाला चालत नाही. एआर ग्रेडच, म्हणजे लॅबसाठीचा शुद्ध मालच घ्या.

१९६२ च्या मुराशिगे-स्कूग मीडियात, म्हणजेच एमएसमध्ये (जारमधल्या कोंबांना वाढवायचं पोषक मिश्रण), हे लिटरला १९०० मिलिग्रॅम लागतं. पोटॅशियम तर यातून येतंच, शिवाय मीडियातलं जवळपास अर्धं नायट्रेट पण यातूनच, म्हणून इथं वजन चुकलं की सगळा तोल गेला. अन् रेसिपी नीट बघा, बी५ हा दुसरा मीडिया असेल तर २५०० मिलिग्रॅम.

स्टॉक म्हणजे आधीच करून ठेवलेलं घट्ट द्रावण, मीडिया करताना ते पातळ होतं; २० पट स्टॉक बरा पडतो. ३८ ग्रॅम तोलायचं, बीकरमध्ये साधारण ८०० मिली डिस्टिल्ड पाणी घेऊन स्टररवर थोडं थोडं टाकत जायचं. बोअरचं पाणी अजिबात नको, आपलं पाणी जड, कॅल्शियम-मॅग्नेशियम फुकटचं आत जातं. विरघळताना हा क्षार उष्णता ओढून घेतो, बीकरला हात लावला की गार लागतं, ते नॉर्मल आहे. पाणी परत खोलीच्या तापमानाला येऊ द्या अन् मगच व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये (अचूक मापाची खूण असलेली बाटली) डिस्टिल्ड पाणी घालून १ लिटर करा. मीडिया करताना यातलं लिटरला ५० मिली घ्यायचं.

बाटलीवर नाव, किती पट, तारीख लिहा, फ्रीजमध्ये ठेवा. कोरडी पावडर मात्र साखरेच्या रॅकवर ठेवू नका, प्लीज! हा ऑक्सिडायझर आहे, म्हणजे जळणाऱ्या वस्तूची आग भडकवतो, साखर, कागद, स्पिरिट यांच्यापासून लांबच पाहिजे. सांडलं तर ओल्या फडक्यानं पुसा अन् फडकं लगेच भरपूर पाण्यात धुवा.

काही जण जागा वाचवायला १०० पट करतात, म्हणजे लिटरला १९० ग्रॅम. बाहेर ते आरामात विरघळतं पण फ्रीजच्या थंडीत तळाला सुईसारखे खडे धरतात, अन् वरचं पाणी पातळ झालेलं असतं. तसंच पिपेटनं घेतलं तर मीडियात नायट्रेट कमी पडणार. खडे दिसले की बाटली कोमट पाण्यात ठेवून, हलवून, सगळं विरघळवून मगच वापरा. ढगाळ किंवा तंतू दिसले तर सरळ ओतून द्या, नवीन करा.