ग्रासकटरचं पेट्रोल-ऑइल मिक्स करताना
पावसात गोव्यात गवत किती वाढतं ते सांगायला नको, त्यामुळे काजूच्या बागायतीत ग्रासकटर रोजच चालू असतो. त्यात बाईकचं फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल चालत नाही, 2T म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं, पेट्रोलात मिसळायचं ऑइलच लागतं, आणि डब्यावर जासो एफडी (2T ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलंय का ते बघून घ्या, धूर आणि कार्बन दोन्ही कमी. किनाऱ्याकडच्या लोकांच्या घरात होडीच्या आउटबोर्ड इंजिनाचं टीसी-डब्ल्यू3 ऑइल पडलेलं असतं, तेही 2T च ना म्हणून ओततात, पण ते पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं, ग्रासकटर हवेवर थंड होतो, जास्त तापतो, त्यात ते नको.

प्रमाण मॅन्युअलमध्ये असेल तेच. 50:1 म्हणजे लिटर पेट्रोलला 20 मिली ऑइल, 25:1 म्हणजे 40. अंदाजाने बूच भरून ओतू नका हां! मिक्स टाकीत नाही, वेगळ्या कॅनमध्ये करायचं, आधी अर्धं पेट्रोल, मग ऑइल, हलवून उरलेलं पेट्रोल. हल्ली पेट्रोलात 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते आपल्याकडची दमट हवा ओढून घेतं, म्हणून महिनाभरात संपेल इतकंच बनवा आणि सीझन संपला की टाकी रिकामी करून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्बोरेटर चोक होत नाही.